फिरत्या लोखंडाची शिस्त

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कृष्णेच्या खोऱ्यांत, कुंडल रोड नांवाचें एक लहानसें स्थानक होतें. १९१० सालच्या मार्च महिन्यांत त्या स्थानकाजवळच्या माळावर बेळगांवचीं कांहीं कुटुंबें येऊन उतरलीं. माळ कसला, दगडधोंडे आणि निवडुंग यांचेंच तें राज्य होतें. बेळगांवांत नगरपालिकेला नव्या वस्तीसाठीं जागा हवी झाल्यामुळें लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला कारखाना तेथून हलविणें भाग पडलें होतें, आणि औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील ही बत्तीस एकर जमीन त्यांना देऊं केली होती. तेव्हां सातारा जिल्ह्याच्या मुलखांत विखुरलेल्या औंध संस्थानांत आणि आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या किर्लोस्करवाडीची ही सुरुवात. पुढें स्थानकालाहि तेंच नांव मिळालें.

या वसाहतीचा इतिहास सांगतांना नांगराची गोष्ट नेहमीं सांगितली जाते. लोखंडी नांगरानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती व ती दूर व्हावयास बराच काळ लागला. नांगर घेणाऱ्याच्या मनांत जशी एक भीति होती, तशीच ती यंत्रें घडविणाऱ्याच्याहि मनांत होती. मात्र शेतकऱ्याची भीति घालवावयाची होती, आणि कामगाराची भीति त्याच्या अंगीं बाणवावयाची होती. ती भीति म्हणजे फिरत्या लोखंडाची.

यंत्रशाळेंत हें फिरतें लोखंड ज्या यंत्रावर सर्वांत जवळून भेटतें, तें म्हणजे लेथ. त्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. घरांतील लाटणें, पाळण्याचे खांब, मुलांचे भोवरे हीं सारीं कातीव कामें कातारी पिढ्यान् पिढ्या करीत आलेला होता. लांकडाचा तुकडा दोन टोकांमध्यें धरावयाचा, जोडीदारानें दोरी पुढेंमागें ओढून तो फिरवावयाचा, आणि जमिनीवर बसलेल्या कारागिरानें पटाशी टेकवून त्यास आकार द्यावयाचा, अशी ती रीत. तुकडा एकदां इकडे, एकदां तिकडे फिरे. पटाशी एकाच दिशेच्या फेऱ्यांत कापी. दोरी ओढणाऱ्यानें हात आवरला कीं सारें थांबे.

लोखंड कातावयास इतकें बळ पुरत नाहीं. इंग्लंडांत १८०० सालच्या सुमारास हेन्री मॉड्स्ले यानें सबंध धातूचा, आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्यांत हत्यार कारागिराच्या मुठींत न राहतां एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसविलेलें असे व ती बैठक स्क्रूच्या साहाय्यानें मोजून पुढें सरके. हाताच्या कंपाची जागा यंत्राच्या मापानें घेतली, आणि एकासारखा दुसरा सुटा भाग करणें शक्य झालें. मॉड्स्लेच्या यंत्रशाळेंत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें एकच प्रमाण सुचविलें. खेड्यांतील नांगराचा तुटलेला बोल्ट बदलतां येतो, यामागें हा सारा इतिहास उभा आहे.

त्या इतिहासाशीं कृष्णाकांठच्या माणसाची गांठ पडली ती अशा कारखान्यांत. नांगर आणि कडबा कापण्याचीं यंत्रें यांच्या जोडीला किर्लोस्करवाडींत उसाचे चरक होऊं लागले आणि १९२६ सालापासून पाण्याचे पंप निघूं लागले. चरकाच्या लाटा गोल आणि सरळ हव्यात, पंपाची दांडी तर केसाचाहि फरक सहन करीत नाहीं. हें काम लेथाशिवाय होत नाहीं. लेथावर उभें राहावयाचें कोणीं? भोंवतालच्या खेड्यांतून येणाऱ्या, काल औत धरलेल्या हातांनीं.

त्या हातांना फिरतें लोखंड अगदींच अनोळखी होतें असें नाहीं. गुऱ्हाळाच्या दिवसांत बैलांनीं ओढलेला चरक त्यांनीं लहानपणापासून पाहिलेला असे. कांडें आंत सारणाऱ्याचें लक्ष ढळलें तर उसाबरोबर बोटेंहि लाटांत ओढलीं जातात, हें गांवांत कोणाला शिकवावें लागत नसे. पण चरक बैलाच्या चालीनें फिरतो. ओरडलें कीं बैल थांबतो. एंजिनावर चालणाऱ्या यंत्राला ओरडणें ऐकूं येत नाहीं.

त्या काळच्या यंत्रशाळेंत प्रत्येक लेथाला स्वतःची मोटर नसे. एक एंजिन छतालगतचा लांब शाफ्ट फिरवी, आणि त्यावरच्या पुलींवरून चामड्याचे पट्टे खालच्या यंत्रांवर उतरत. लेथ थांबवावयाचा तर दांडा ओढून पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवावा लागे, आणि त्यानंतरहि जड चक स्वतःच्या वेगानें कांहीं फेरे घेतच राही. दोन इंच व्यासाची पोलादी दांडी मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर एका सेकंदांत तिच्याभोंवतीं सुमारें २१ इंच कापड गुंडाळलें जातें. म्हणजे धोतराचा सोगा अडकला हें ध्यानांत येऊन हात दांड्याकडे जाईपर्यंत अर्ध्या वाराहून अधिक वस्त्र गेलेलें असतें, आणि वस्त्रामागें माणूस असतो.

म्हणून लेथाची पूर्वतयारी यंत्रापासून होत नाहीं, ती माणसाच्या अंगापासून होते. उपरणें, मुंडाशाचा शेमला, सदऱ्याच्या लोंबत्या बाह्या, बोटांतील अंगठी, मनगटाचा गंडादोरा, मोकळी शेंडी, यांतील प्रत्येक वस्तु त्या खोऱ्यांतल्या माणसाच्या प्रतिष्ठेची किंवा श्रद्धेची खूण होती. ती उतरवून ठेव असें सांगणें म्हणजे नुसता नियम सांगणें नव्हे. वारकऱ्याच्या गळ्यांतील तुळशीची माळ तर काढावयाची नसते. ती सदऱ्याच्या आंत, गुंड्या लावून बंदिस्त करणें हाच मार्ग. हातमोजा हाताचें रक्षण करतो ही समजूत भट्टीपाशीं खरी आहे, पण लेथापाशीं ती घातक ठरते. कारण मोज्याचा एक धागा धरला गेला कीं सगळा पंजा त्यामागें जातो.

त्यानंतर यंत्राची पाळी. उजेड पुरेसा हवा, पायांखालची जमीन कोरडी हवी. सांडलेल्या तेलावर पाय घसरला तर आधारासाठीं हात नेमका फिरत्या चकाकडेच जातो. तेल घालावयाचें तें यंत्र बंद असतांना. कातावयाचा तुकडा चकाच्या तिन्ही जबड्यांत पुरेसा आंत जाऊन घट्ट बसला पाहिजे, आणि तो लांब असेल तर त्याच्या दुसऱ्या टोकाला मागच्या केंद्राचा आधार दिला पाहिजे. नाहींतर फिरतां फिरतां तो वांकतो आणि चाबकासारखा फटकारा मारतो. हत्याराचें टोक तुकड्याच्या बरोबर मध्याच्या उंचीवर यावें, व हत्यार आपल्या बैठकीबाहेर शक्य तितकें थोडें निघालेलें असावें. फार बाहेर काढलेलें हत्यार थरथरतें, लोखंडांत रुततें आणि मोडतें.

या सर्वांत लहान दिसणारी व सर्वांत अधिक घात करणारी वस्तु म्हणजे चकाची किल्ली. तुकडा आवळून झाल्यावर ती चकांतच विसरली आणि यंत्र सुरू झालें, तर ती गोफणींतल्या धोंड्याप्रमाणें सुटते. म्हणून किल्ली चकांत असेपर्यंत तिच्यावरचा हात काढावयाचा नाहीं, असा यंत्रशाळांचा जुना दंडक आहे. अधिक लक्ष ठेवा असें तो सांगत नाहीं. लक्ष चुकलें तरी निभावेल अशी संवय तो हाताला लावतो. शेवटीं चक एकदां हातानें पुरता फिरवून पाहावयाचा. जबडे कोठें घासत नाहींत, हत्याराची बैठक चकावर आदळत नाहीं, हें पाहून मगच पट्टा सरकवावयाचा.

यंत्र चालूं असतां चकाच्या रेषेंत उभें न राहतां किंचित् बाजूला उभें राहावें. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण बिडाचा कीस वाळूसारखा उडतो. पोलादाचा कीस लांब, तापलेल्या फितीसारखा निघतो. त्याची धार वस्तऱ्याइतकी तीक्ष्ण असते. तो हातानें कधींहि ओढूं नये. यंत्र थांबवून आंकड्यानें काढावा. माप घ्यावयाचें तें तुकडा पुरता थांबल्यावर. थांबत आलेला चक तळहातानें दाबून धरण्याचा मोह जुन्या कारागिरालाहि होतो, आणि अनेकदां अपघात नवख्याला न होतां हात बसलेल्या माणसालाच होतो. नवखा भीत असतो, सरावलेला विसरतो.

या विसरण्याची किंमत कोणीं द्यावयाची, हा प्रश्न कायद्यापुढें हळूहळू आला. ब्रिटिश हिंदुस्थानांत कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालीं झाला, व धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद त्यांत आली. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें तर अवयवांचा हिशेबच मांडला. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ति शेंकडा २५ नें घटली असें धरावयाचें. तर्जनी गेली तर शेंकडा १० नें. हिशेब न्यायाचा असेल. पण ज्याच्या घरीं तोच एक मिळवता आहे त्याला अंगठ्यावांचून हत्यार धरतां येत नाहीं, हें त्या कोष्टकांत लिहिलेलें नसतें.

शिवाय ब्रिटिश मुलखाचे हे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. औंधच्या हद्दींतील यंत्रशाळेंत कामगाराच्या बोटांचें पहिलें रक्षण म्हणजे मालकाची जाणीव, मिस्त्रीची नजर आणि स्वतःची संवय. १९४८ सालीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच वर्षीं कारखान्यांचा नवा कायदा संमत होऊन तो १ एप्रिल १९४९ पासून अमलांत आला. चालत्या यंत्राची तपासणी वा तेलपाणी करणारा मनुष्य खास शिकविलेला, प्रौढ आणि अंगाबरोबर कपडे घातलेलाच असला पाहिजे, व ते कपडे मालकानें दिले पाहिजेत, असें त्या कायद्यानें सांगितलें. मिस्त्री जें दटावून सांगत असे, तें आतां सरकारी भाषेंत छापलें गेलें.

मध्यंतरींच्या काळांत ही विद्या खोऱ्यांत पसरली होती. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनीं नांगरांचा कारखाना काढला, आणि पुढें तेथें डिझेल एंजिनेंहि होऊं लागलीं. हेच कूपर १९३७ सालीं मुंबई प्रांताचे पहिले मुख्य प्रधान झाले. भाऊराव पाटील यांनीं आरंभीं किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडीं विकले, नंतर कूपरांबरोबर काम केलें, आणि १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. श्रम आणि शिक्षण यांची फारकत त्यांनीं मानली नाहीं. १९४१ सालीं किर्लोस्करांनीं म्हैसूर संस्थानांत हरिहर येथें यंत्रें बनविणारीं यंत्रें, म्हणजे लेथच, तयार करण्याचा कारखाना उभारला. १९४७ सालीं सांगलींत अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें; तेंच पुढें वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. चकाची किल्ली हातांत घेणारा आतां शेतकऱ्याचा मुलगाहि होता आणि पदवीचा विद्यार्थीहि. दंडक मात्र दोघांना एकच.

आज मोठ्या कारखान्यांतील लेथ संगणकाच्या आज्ञेनें, बंद दाराआड चालतात. दार उघडें असेल तर चक फिरतच नाहीं. पूर्वीं जी संवय हाताला लावावी लागे, ती आतां यंत्राच्याच रचनेंत घातली गेली आहे. परंतु सातारा, मिरज, कुपवाड येथील लहान यंत्रशाळांतून जुना उघडा लेथ अजून फिरतो, आणि त्याच्यापुढें दररोज कोणी तरी नवा मुलगा उभा राहतो. त्या मुलाला पहिल्या दिवशीं लोखंड कापावयास न देतां, किल्ली लावून काढावयास आणि चक हातानें फिरवून पाहावयास लावणारा मिस्त्री वेळ दवडीत नाहीं. संध्याकाळीं दहाहि बोटांनिशीं घरीं परतणारा कारागीर हा त्या यंत्रशाळेचा पहिला माल. बाकीचा माल त्यानंतरचा.