जिथलं पाणी तिथे



मागच्या महिन्यात झुरिकहून माझ्या भाचीने फोटो पाठवले. हिमनदीने कोरलेलं उरी सरोवर, त्याच्या काठाने ३५ किलोमीटरची पायवाट आणि वाटेत जुनी गावं. स्विस संघराज्याला ७०० वर्षं झाली म्हणून १९९१ साली ही वाट केली. देशातल्या प्रत्येक माणसामागे वाटेचे पाच मिलिमीटर, असा हिशेब धरला होता म्हणे. खाली तिचा प्रश्न होता, "मावशी, तुमच्या पवईला असं तळ्याभोवती चालता येतं का?"

मला उत्तर देता येईना. पंचवीस वर्षं मुलुंडला राहते, पवईवरून शंभरदा गेले असेन, पण बसच्या खिडकीतून. आणि हा प्रश्न वाचताना मला दुसराच एक जुना प्रश्न आठवला, माझ्या सासूबाईंचा.

आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. शिरोळ तालुक्यातलं त्यांचं सगळं आयुष्य विहिरीच्या पाण्यावर गेलं. शेवटची चार वर्षं त्या आमच्याकडे मुलुंडला होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी नळाला दुपदरी फडकं बांधलं, पाणी गाळलं आणि मला विचारलं, "हे पाणी कुठल्या विहिरीचं गं?" आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीतच आहे. पाणी गाळलं म्हणजे काम संपलं नाही. फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही वरून ओतायचे नाहीत, कळशी पाण्याला टेकवून हळूच. मी घाईत होते. म्हटलं, "अव्वा, बेसिनमध्ये सोडा." त्या काही बोलल्या नाहीत. पण रोज फडकं पिळताना त्यांचा हात क्षणभर थांबायचा, ते मी पाहिलं आहे.

भाचीला उत्तर द्यायचं म्हणून एका रविवारी सकाळी मी आणि माझी नणंद पवईला गेलो. ती तिथेच राहते. निघण्याआधी तिने तिच्या फ्लॅटचा कागद दाखवला. "वहिनी, हे बघ. पवई कुठेच नाही!" कागदावर होतं, मौजे तिरंदाज, तालुका कुर्ला. वीस मजली इमारत, आणि पत्ता गावाचा.

ही गावं जुनी आहेत. तिरंदाज, कोपरी, पासपोली, तुंगवे, साकी, पवई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात जेझुइटांनी याच विहार-पवईच्या पट्ट्यात त्रिनिदाद नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं. पवईच्या होली ट्रिनिटी चर्चचं नाव त्याचीच आठवण. पुढे १८२९ साली ईस्ट इंडिया कंपनीने पवईची ही जहागीर फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याला दिली. त्याने इथे ऊस लावला, रेशमासाठी तुती लावली, आंब्याच्या बागा केल्या. मुंबईत धोबी तलावाचं बांधकामही १८३९ साली त्याच्याच पैशाने नव्याने झालं. पाण्यावर खर्च करणं हे त्या काळी पुण्य होतं, मग धर्म कुठलाही असो. आज साकीचा नाका झाला, आणि साकी ते विहार रस्त्याला दोन्ही गावांची नावं मिळाली. त्या रस्त्यावर गाडीत अडकलेल्या किती जणांना ही गावांची नावं आहेत हे ठाऊक असेल!

आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या कडेने चालायला लागलो. एका बाजूला ट्रक, एका बाजूला पाणी. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर, त्यावर बगळे. पाट्या लावल्या आहेत, मगरींपासून सावध. पुढे आयआयटीचं आवार लागतं. आवारात तळ्याच्या काठी पद्मावती देवीचं जुनं मंदिर आहे. आपल्याला पद्मावती म्हटलं की पार्श्वनाथांची शासनदेवी आठवते. ही देवी आपली की दुसऱ्यांची, हा वाद मला करायचा नाही. पाण्याकाठी देवी असावी एवढं मला पुरे आहे. मात्र त्यापुढे सलग वाट नाही. प्रदक्षिणा काही पूर्ण होत नाही.

मध्यंतरी महापालिकेने या तळ्याभोवती सायकलची वाट बांधायला घेतली होती. आयआयटीचे विद्यार्थी कोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. नणंद म्हणाली, "झाली असती तर आपल्याला फिरता आलं असतं." मलाही आधी तसंच वाटलं. मग काठावर उन्हात पडून राहणारी मगर डोळ्यांसमोर आली. तिला दुसरा काठ कुठे आहे?

घरी येऊन मी वाचायला बसले, कारण अव्वांचा प्रश्न आता माझा झाला होता. आपल्याकडे हिमनदीची तळी नाहीत. मुंबईतली ही तीन तळी माणसांनी धरणं बांधून केली. आधी शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. १८५४ साली पाऊस इतका कमी झाला की जनावरं माहीमकडे हलवावी लागली आणि बाहेरून आणलेलं पाणी विहिरींत ओतावं लागलं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने मिठी नदीचं खोरं अडवायची योजना मांडली. १८५६ साली काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात पोहोचलं. तेही पुरेना, म्हणून १८७९ साली तुळशी झालं. मग १८९०च्या सुमारास पवई. पण पवईचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही, ते आजही कारखान्यांसारख्या वापरालाच जातं. विहार आणि तुळशी ही नावं मुळात गावांची होती. पुढे ती तळ्यांना मिळाली, आणि लोक गावं विसरले.

नळ आला तरी विहिरी लगेच सुटल्या नाहीत. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाची चौकशी केली. शहरातल्या विहिरींत डास वाढतात असं दिसलं आणि विहिरी बुजवायला सुरुवात झाली. तेव्हा पारशी आणि हिंदू लोकांनी धर्माच्या कारणाने विरोध केला. काही विहिरींना मग बारीक जाळी बसवून तोड काढली. ते वाचताना मला अव्वा दिसल्या. विहीर बुजली की पाणी दुसरीकडून मिळतं. पण फडक्यातले जीव परत कुठे सोडायचे, या प्रश्नाला नळाजवळ उत्तर नाही.

याच डोंगरात, विहार आणि तुळशीच्या शेजारी, कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त बौद्ध लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हणतात. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख तिथे आहे. डोंगरावर पडलेलं पाणी खाचांनी वळवून टाक्यात आणायचं आणि तिथेच वापरायचं. नवव्या शतकातले राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळचे लेखही तिथे आहेत. जिनसेनाचार्यांना गुरू मानणारा हाच तो अमोघवर्ष. त्याच्या राज्यात बौद्ध भिक्षूंच्या लेण्याला दान मिळत होतं, हे वाचून मला बरं वाटलं. तिथल्या भिक्षूला कुणी विचारलं असतं, पाणी कुठलं, तर त्याने बोट करून दाखवलं असतं.

मग माझ्या नळाला येणारं पाणी कुठलं? विहारात २,७६९ कोटी लिटर पाणी मावतं, तुळशीत ८०४ कोटी. ऐकायला खूप वाटतं, पण आज मुंबईला लागणाऱ्या पाण्यात या दोघांचा वाटा शंभरात दोन-तीनच. बाकी सगळं तानसा, वैतरणा आणि भातसा या नद्यांचं. ते ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतून, शंभर किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून येतं. भांडुपच्या केंद्रात शुद्ध होऊन आमच्याकडे मुलुंडला येणारं पाणी मुख्यतः भातसा आणि वैतरणेचं. म्हणजे अव्वांनी विचारलं त्या सकाळी खरं उत्तर होतं, "शहापूरच्या बाजूचं, अव्वा." मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

विहार आणि तुळशीच्या काठी आपल्याला मोकळं फिरता येत नाही. पिण्याचं पाणी म्हणून त्यांचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं. या राखण्यामुळेही बोरिवलीचं जंगल टिकलं. आज त्या १०४ चौरस किलोमीटरमध्ये बिबटे आहेत, हरणं आहेत. तीर्थाला गेलो की प्रदक्षिणा पूर्ण करायची सवय आपल्याला असते. पण काही काठ न चालताच राखायचे असतात. चातुर्मासात आपले साधू-साध्वी एका जागी थांबतात ते यासाठीच ना, पायाखाली जीव येऊ नये म्हणून?

भाचीला मी लिहिलं, "पूर्ण फेरी होत नाही गं. अर्धीच होते, आणि तेवढीच बरी. पण आलीस की तिरंदाज गाव दाखवीन."

फिल्टरचं आणि क्लोरिनचं पाणी गाळून फडक्यात आता काही राहत नाही, हे मला कळतं. तरी अव्वांचं फडकं अजून नळाला आहे. त्यांचा नियम जिवांसाठी होताच. पण तो पाळायचा तर आपलं पाणी कुणाकडून आलं हे रोज ठाऊक असावं लागायचं. नळाने आपली पायपीट वाचवली आणि ही आठवण नेली.

म्हणून एक छोटं काम केलं आहे. स्वयंपाकघरात नळाच्या वर कागदावर दोन नावं लिहून चिकटवली आहेत, भातसा आणि वैतरणा. उन्हाळ्यात त्या धरणांच्या भागातल्या बायका टँकरची वाट बघत उभ्या असल्याची बातमी येते, तेव्हा आता माझा हात नळावर थांबतो. अव्वांचा थांबायचा तसाच.

तुमच्या नळाचं पाणी कुठलं आहे? एकदा शोधून बघा. सापडलं की घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आधी सांगा. मला सांगायला उशीर झाला.