जीवानुकूल ग्रहस्थिती

जीवानुकूल ग्रहस्थिती : ग्रहावर जीव निर्माण होऊन दीर्घकाळ टिकण्यासाठी लागणाऱ्या भौतिक व रासायनिक परिस्थितीचा समुच्चय. द्रवरूप पाणी, बेताचे तापमान, टिकाऊ वातावरण, ऊर्जेचा अखंड पुरवठा, घातक किरणांपासून आडोसा आणि मूलद्रव्यांचे चालते फेरे हे तिचे मुख्य घटक. हे सगळे जीवांसह एकत्र आढळलेला आजवरचा एकमेव ग्रह म्हणजे पृथ्वी.

वाशिम जिल्ह्यातील केनवड (ता. रिसोड) हे काळ्या जमिनीच्या मुलखातले गाव. या मुलखात पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा पाहतो. गोळा वळतो पण बोट लावताच फुटतो, अशा मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात आणि बी रुजते. चिखलात ते कुजते, कोरड्यात तसेच पडून राहते. जीवानुकूलता हा ग्रहाचा वाफसा होय : कोणताही एक घटक पुरेसा नाही, सर्वांचा मेळ लागतो आणि तो राखावा लागतो.

अंतर व तापमान : पृथ्वी सूर्यापासून सरासरी सुमारे १५ कोटी किमी. वर आहे. पण केवळ या अंतराच्या भरवशावर तिचे सरासरी तापमान उणे १८° से. च्या आसपास राहिले असते. बाष्प, कार्बन डायऑक्साइड इ. वायू उष्णता धरून ठेवतात म्हणून ते सुमारे १५° से. आहे. शुक्रावर याच वायूंचा अतिरेक झाल्याने पृष्ठभाग ४६०° से. च्या आसपास तापलेला असतो. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या शतांशाहूनही कमी असल्याने पाणी द्रवरूपात टिकत नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४° कलला असल्याने ऋतू होतात, आणि चंद्रामुळे हा कल फारसा ढळत नाही. केनवड परिसर सुमारे २०° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो. पहिल्यांदा, मेच्या २० तारखेच्या आसपास, जमीन भेगाळलेली असते. दुसऱ्यांदा, जुलैच्या उत्तरार्धात, तीच जमीन पिकाने झाकलेली असते. मधला बदल घडवणारे मोसमी वारे याच कलाचे देणे आहे.

संरक्षक आवरणे : पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते सौरवाऱ्याला बव्हंशी बाजूला वळवते. मंगळाने आपले व्यापक चुंबकीय क्षेत्र फार पूर्वी गमावले. त्याचे गुरुत्वाकर्षणही कमी असल्याने त्याची हवा विरळ होत गेली. सुमारे १५ ते ३५ किमी. उंचीवरील ओझोन जंबुपार किरण शोषून घेतो.

कातळ, पाऊस व कार्बनचा फेरा : केनवडच्या मातीखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा (दख्खनचा बेसाल्ट). पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनते व हा कातळ झिजवते. त्यातून काळी माती तयार होते, आणि सुटलेल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन कार्बन चुनखडीत अडकतो. शेतात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे उठतात. हवेतून आलेला वायू पुन्हा हवेत जातो. झिजेचा उरलेला भाग नद्यांतून समुद्रात पोचून शंख-शिंपल्यांचा चुना होतो. भूपट्टांच्या हालचालीने हा गाळ खोल जातो आणि ज्वालामुखींतून कार्बन परततो. हवा तापली की झीज वाढते, निवली की मंदावते. त्यामुळे लाखो वर्षांच्या काळात तापमान आवाक्यात राहते.

जीवांचा वाटा : आरंभीच्या हवेत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. नीलहरित जीवाणूंनी सोडलेला ऑक्सिजन सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवेत साचू लागला. ओझोनचे छत्रही त्यातूनच उभे राहिले. आज हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी झाडांना तो थेट घेता येत नाही. सोयाबीनचे रोप मुळासकट उपटले की मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. चिरल्यावर त्या आतून गुलाबी निघाल्या, तर त्यांतील जीवाणू हवेतील नायट्रोजन पिकासाठी बांधत आहेत असे समजावे.

मर्यादा : जीव किती टोकाच्या स्थितीत तग धरतात याचे दाखले भारतातच आहेत. रिसोडच्या पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसाल्टमधील उल्काघाती विवरात असून त्याचा व्यास सुमारे १.८ किमी. आहे. सामू १० च्या आसपास असूनही त्याचे खारे पाणी सूक्ष्मजीवांनी भरलेले असते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात क्षारप्रेमी आर्किया हे सूक्ष्मजीव आढळले. कोयना परिसरातील खोल वेधनात बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटमध्येही सूक्ष्मजीव सापडले. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या फुग्याने २० ते ४१ किमी. उंचीवरील हवेचे नमुने आणले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर या प्रयोगाचे मार्गदर्शक होते. नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. यांतील एका जातीला इस्रोचे, तर दुसरीला आर्यभटांचे नाव दिले गेले.

मेळ व वेग : औद्योगिक काळापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेले आहे. ही भर दोन-अडीच शतकांतली आहे. कातळाची झीज ती शोषून घेईलही, पण तिला त्यासाठी हजारो-लाखो वर्षे लागतात. वाफसा एकदा गेला की शेतकरी पुढच्या पावसाची वाट पाहतो. ग्रहाचा मेळ बिघडल्यास माणसाच्या हिशेबात बसेल असा पुढचा पाऊस नाही. म्हणून तो राखणे हेच माणसाच्या हाती उरते.