काडतुसाची पितळ आणि पावसाळा

लढायांच्या तारखा इतिहासांत सांपडतात. शिपायाच्या कमरेच्या काडतुसाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. त्यांतील एक प्रकरण हिंदुस्थानच्या पावसाळ्याशीं निगडित असल्यामुळें आम्ही तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

काडतुसाचें कवच शेंकडा सुमारें 70 भाग तांबें व 30 भाग जस्त यांच्या पितळेचें असतें. पितळेची चकती थंड असतांनाच साच्यांतून वारंवार दाबून तिची नळी ओढतात. थंड धातु ठोकल्यानें कठीण होतो, हें आमच्या तांबटांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच ते भांडें मधून मधून तापवून मऊ करितात.

एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश फौजेचीं येथें तबेल्यांत ठेवलेलीं काडतुसें पावसाळ्यांत तडकूं लागलीं. ऐन वेळीं फुटक्या काडतुसावर शिपायाचा प्राण अवलंबून! दोष ऋतूच्या माथीं बसला आणि या विकारास इंग्रजींत ‘सीझन क्रॅकिंग’ असें नांव पडलें. 1921 मध्यें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया व दमट हवा हें बाहेरचें कारण. घडवितांना धातूंत उरलेला ताण हें आंतलें. दोन्हीं एकत्र आलीं कीं तडा जातो. यास्तव दारूगोळा तबेल्यापासून दूर ठेवावा, आणि कवच सुमारें 250 ते 300 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें. त्यानें कठीणपणा फारसा न जातां ताण निघतो.

रिकामीं कवचें पुन्हां भरून रायफल चालविणाऱ्या नेमबाजांस याच धातुगुणाशीं झगडावें लागतें. दर बारास कवचाचा गळा फुगतो, साच्यांत तो पुन्हां आवळावा लागतो, आणि अशा रीतीनें तो कठीण होत जातो. मग कोणता गळा गोळीस घट्ट धरितो, कोणता सैल. पकड निराळी झाली कीं वेग निराळा होतो, आणि लांब पल्ल्यावर गोळी खालींवर पडते. गळा नीट मऊ केल्यास ही पकड पुष्कळ अंशीं सारखी होते व कवचही अधिक वेळां टिकतें. याकरितां आंच मात्र ताण काढण्यापुरती नव्हे, बरीच अधिक लागते. पण ती क्षणभर आणि गळ्यापुरतीच. बूड मऊ झालें तर दाबाखालीं तें फुटून तप्त वायु नेमबाजाच्याच तोंडावर यावयाचा.

तापविल्यानें वाईट नळी चांगली होत नाहीं. बारांत सारखेपणा येतो, इतकेंच. तांबटाची आंच आणि कारखान्याची आंच यांचें शास्त्र एकच. विकाराच्या नांवांत मात्र बिचारा ऋतु अडकला, तो अद्याप सुटलेला नाहीं.