दिलेल्या प्याद्याचा मोबदला

बुद्धिबळाला राजांचा खेळ म्हणतात. पण त्याचा इतिहास लिहू गेल्यास तो बव्हंशी प्याद्यांचाच लिहावा लागेल. आपल्याकडे प्याद्याची प्रतिष्ठा जुनी. वजिराने किंवा हत्तीने मात करावी यात नवल ते काय? प्यादेमात झाली, की खरी शोभा!

मात्र देशी डावात प्यादे एकेक घरच चाले. सैन्ये भिडायला वेळ लागे. एखादी खेळी वाया गेली तरी फारसे बिघडत नसे. विलायती पद्धतीत प्याद्याला प्रारंभी दोन घरांची मुभा मिळाली आणि खेळीला मोल आले. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा डावसंग्रह इंग्रजीत निघाला, तोही विलायती पद्धतीला जुळवूनच.

या घाईच्या खेळात प्यादे देऊन वेळ विकत घेण्याची युक्ती रुजली. सिसिलियन बचाव पाहा. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो. काळा वजिराकडच्या उंटापुढचे. मग पांढरा वजिरापुढचे प्यादे पुढे करतो. ते मारले गेले, की शेजारचे आणखी एक देऊ करतो. तेही काळ्याने घेतले, म्हणजे पांढऱ्याचा घोडा त्या आगंतुकाला टिपत बाहेर येतो. पांढऱ्याची दोन प्यादी गेली, काळ्याचे एक. या डावाला पिएर मोरा व केन स्मिथ यांची नावे चिकटली आहेत.

एका प्याद्याच्या बदल्यात मिळाले काय? बाहेर आलेला घोडा, दोन्ही उंटांना वाट आणि हत्तींसाठी स्वतःच्या प्याद्यांची अडचण नसलेल्या दोन उभ्या ओळी. काळ्या वजिराला मग घरात स्वस्थ बसवत नाही.

पण हा मोबदला नाशवंत. आमच्या गोंदियाकडे कास्तकार घरचे धान काढून पऱ्हे टाकतो. ते धान गेले असे तो म्हणत नाही. मात्र रोवणीचा हंगाम चुकला, तर ते खरेच गेले. पटावरही तसेच. काळ्याने शांतपणे मोहरी बाहेर काढून मारामारी उरकली, की त्याचे जादा प्यादे शेवटच्या घराकडे चालू लागते. स्वतः स्मिथ १९७२ साली सॅन अँटोनियोच्या स्पर्धेत हा डाव मांडून हरला.

शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तिचे कौतुक ऐकून या दिवाळीत तुमची मुले पट मांडतील. त्यांना प्यादे जरूर देऊ द्या. मात्र देण्यापूर्वी बाहेर आलेली मोहरी बोटांवर मोजायला लावा.