दिजाँची वाळू आणि पडद्यावरचा स्पंज

संगणकाच्या पडद्यावर पाणी वाहते, उसळते, शिंतोडे उडवते. हे आता नवलाचे राहिलेले नाही. खरी परीक्षा कोरडा स्पंज समोर आला की होते. पाणी त्यात मुरले पाहिजे, स्पंज फुगून जड झाला पाहिजे आणि पिळल्यावर ते पाणी परत आले पाहिजे. हे दृश्य गणिताने उभे करण्याचा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. तो फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यापासून सुरू होतो, असे माझे प्रतिपादन आहे.

हेन्री दार्सी (१८०३-१८५८) हे दिजाँचेच सुपुत्र आणि सरकारी अभियंते. १८४० साली त्यांनी रोझ्वार झऱ्याचे पाणी बारा किलोमीटरहून अधिक लांबीच्या बंदिस्त पाटातून शहरात आणले. पुढे वाळूच्या गाळणीतून किती पाणी जाईल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १८५५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिजाँच्या इस्पितळात ०.३५ मीटर व्यासाच्या उभ्या नळात वाळू भरून त्यांनी मोजणी केली. फेब्रुवारी १८५६मध्ये शार्ल रित्तर यांनी आणखी प्रयोग केले. निष्कर्ष सोपा होता. वाळूच्या दोन्ही बाजूंच्या दाबात जितका फरक अधिक, तितके पाणी अधिक. थर जितका जाड, तितके पाणी कमी. दिजाँच्या सार्वजनिक पाणवठ्यांवरील त्यांच्या १८५६च्या ग्रंथात हा नियम ‘ड’ या टिपेत, शेवटच्या पानांकडे आहे. फ्रेंच मला येत नाही. पॅट्रिशिया बोबेक यांच्या इंग्रजी भाषांतरातून मी तो वाचला.

वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. दार्सी यांनी वाळूच्या कणांमधली एकही पोकळी मोजलेली नाही. सगळ्या पोकळ्यांची गुंतागुंत त्यांनी एकाच गुणांकात बसवली.

त्यांची वाळू मात्र पाण्याने भरलेली होती. कोरडी वस्तू पाणी ओढून घेते, त्याचे काय? नवी पणती आपण आधी पाण्यात भिजत घालतो, कारण भिजलेली माती तेल पीत नाही. मातीची ही तहान प्रथम गणितात आणली ती अमेरिकन सरकारच्या मृदा खात्यातील एडगर बकिंगहॅम यांनी, १९०७ साली. १९३१मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी तिला दार्सींच्या नियमाशी जोडून अर्धवट ओल्या मातीचे समीकरण मांडले. इथे प्रश्न होता जमिनीतल्या ओलाव्याचा.

संगणकचित्रणात ही ओल प्रथम कागदावर दिसली. १९९७मध्ये कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी जलरंगाचे अनुकरण करताना कागदाच्या आत पाणी शोषणारा एक वेगळा थर कल्पिला. २००८ साली बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाचे तून लेनार्ट्स यांनी बार्ट अ‍ॅडम्स व फिलिप द्युत्रे यांच्यासह दार्सींचा नियम कणपद्धतीत आणला. या पद्धतीत द्रव म्हणजे असंख्य कणांचा समूह. तिचा जन्म १९७७चा, खगोलशास्त्रातला. स्पंजही त्यांनी कणांचाच केला. प्रत्येक कणाने किती पाणी प्यायले याची नोंद ठेवली आणि शेजारच्या कणांमधला प्रवाह दार्सींच्या नियमाने काढला. स्पंजातले प्रत्येक भोक रेखाटण्याइतकी गणनशक्ती परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनीही भोके मोजली नाहीत.

दीडशे वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच काटकसर केली. संगणकाच्या इतिहासात यंत्रांचा वेग भरभरून नोंदवला जातो. ही काटकसर क्वचितच. ती टिकली, कारण एका कामकरी अभियंत्याने आपल्या मोजणीचे आकडे सगळ्यांसाठी छापून ठेवले. म्हणून पाणीपुरवठ्याचा जुना अहवाल रद्दीत घालण्यापूर्वी त्याची परिशिष्टे तरी चाळावीत, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे.