मानधनाचा आकडा

‘बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये’ हे लहानपणापासून ऐकत आले. बाईलाही पगार असतो, हे त्या शहाणपणाच्या गावीही नव्हते.

ऑक्टोबर 1919मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाच्या कचेरीत एक परिपत्रक फिरले: कर्मचाऱ्यांनी आपापसांत पगाराची चर्चा करू नये. डोरोथी पार्कर, रॉबर्ट बेंचली आणि रॉबर्ट शेरवूड हे तेव्हा तिथे नोकरीला होते. तिघांनी आपापल्या पगाराचा आकडा पाटीवर लिहिला, पाटी गळ्यात अडकवली आणि कचेरीभर हिंडले. हा किस्सा साहित्यिक गप्पांत हमखास निघतो. पण अशी चेष्टा प्रत्येकाला परवडत नाही.

अलाबामातल्या गॅड्सडेनच्या गुडइयर टायर कारखान्यात लिली लेडबेटर 1979पासून पर्यवेक्षक होत्या. पगाराबद्दल बोलायचे नाही, अशी ताकीद पहिल्याच दिवशी मिळाल्याचे त्या सांगत. 1935च्या अमेरिकन कामगार कायद्याने अशा चर्चेला संरक्षण मिळाले होते. पण 1947च्या दुरुस्तीने पर्यवेक्षकांना त्यातून वगळले. नोकरीच्या शेवटी-शेवटी कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली. त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचे पगार त्यात होते. लेडबेटर यांना महिना 3,727 डॉलर मिळत; सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला 4,286.

ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. 2007मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला: पगार ठरल्यापासून 180 दिवसांत तक्रार करायला हवी होती. ठाऊकच नसलेल्या गोष्टीची तक्रार कशी करायची, असा न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या विरोधी मताचा रोख होता. 2009मध्ये लेडबेटर यांच्या नावाने कायदा झाला आणि मुदत प्रत्येक पगारापासून नव्याने मोजली जाऊ लागली. त्यांना स्वतःला कंपनीकडून छदामही मिळाला नाही.

आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या (2005) कलम 4नुसार सरकारी कार्यालयांना प्रत्येक कर्मचाऱ्याचे मासिक वेतन जाहीर करावे लागते. खासगी नोकरीत मात्र कुजबुजच. आम्हा अनुवादकांचे तर ‘मानधन’! ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला रोखठोक शब्द, त्यात घासाघीस करता येते. मानाची घासाघीस कशी करणार?

एका प्रकाशकाने मला शब्दामागे दर सांगितला आणि म्हणाला, “हा खास तुमच्यासाठी. बाहेर बोलू नका.” मी सुखावले, गप्प बसले. दोन वर्षांनी कळले, त्याच मालिकेत कन्नडमधून अनुवाद करणारीला निम्माच दर होता. मी गप्प राहिल्याने त्याचे पैसे वाचत होते, आणि फुकट गेले होते ते तिचे.

त्या रात्री मी तिला माझा आकडा कळवला. सकाळी तिचे उत्तर आले: “आधी का नाही सांगितलंस?”