निर्गुडी

(निगडी, सं. निर्गुंडी, सिंदुवार, हिं. सम्हालू, क. लक्की, ते. वाविली, शास्त्रीय नाव व्हायटेक्स नेगुंडो). एक सुगंधी, औषधी झुडूप. लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीला नाव दिले. जुन्या वनस्पतिग्रंथांत निर्गुडी सागाबरोबर व्हर्बिनेसी कुलात आढळते. आता दोन्ही तुळशीच्या कुलात (लॅमिएसी) धरतात.

लातूर जिल्ह्यातील जळकोटचा परिसर बालाघाटच्या डोंगराळ, मुरमाड पट्ट्यात येतो. अशा भागात निर्गुडी ओढ्याकाठी, पडीक जमिनीत आणि शेताच्या बांधावर वाढते. उंची साधारण २ ते ५ मीटर. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात. पानाला तीन किंवा पाच दले आणि खालच्या बाजूस पांढुरकी लव असते. फुले लहान, निळसर जांभळी, तुऱ्यांत येतात; फळ मिऱ्याएवढे, पिकल्यावर काळे. पान चुरगळताच उग्र वास सुटतो. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ही उत्तम.

घरगुती उपचारांत तिचा मुख्य उपयोग बाहेरून होतो, आणि तोच सर्वांत भरवशाचा मानावा. मुरगळलेल्या पायावर, सुजलेल्या सांध्यावर पाला तव्यावर गरम करून बांधतात. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तो उकळतात. सर्दी-पडशात त्याचा वाफारा घेतात. पाल्याचा रस तिळाच्या तेलात आटवून मालिशचे तेल करतात. डासांसाठी पाल्याची धुरी देतात. कीड लागू नये म्हणून साठवणीच्या धान्यात वाळला पाला घालण्याचीही रीत आहे. काढा मात्र वैद्याला विचारूनच घ्यावा, गरोदरपणी तर विशेष जपावे.

चरकसंहितेत निर्गुंडी कृमिघ्न गणात, तर सिंदुवार विषघ्न गणात सांगितला आहे. पानांतील सुगंधी तेलात सॅबिनिन व कॅरिओफायलिन सापडतात. नेगुंडोसाइड आणि कॅस्टिसिन ही संयुगेही या वनस्पतीतून वेगळी केली आहेत. सूज व वेदना यांवरील तिचा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे.

बाजारात वाळलेले चूर्ण मिळते. पण शेकायला, बांधायला ताजाच पाला लागतो, आणि तो बांधावर असला तरच वेळेला हाती येतो. बांध कोरताना किंवा तारेचे कुंपण घालताना ही झुडपे मुळासकट काढणे म्हणूनच नुकसानीचे आहे. शिवाय त्यांची मुळे ओढ्याकाठची माती धरून ठेवतात, फुलांवर मधमाश्या येतात आणि लवचीक फांद्यांच्या टोपल्या विणता येतात. लागवडीला फारसा खर्च नाही: पावसाळ्याच्या तोंडावर जून फांदीची छाटे जमिनीत खोचली तरी फुटतात.